माझा विश्वास आहे, पण भरवसा टिकत नाही: ख्रिस्ती जीवनात या दोहोंचे नाते काय?

लालबागकर (प्रश्न)

प्रभूच्या नावाने सर्वांना सलाम.

माझा जन्म ख्रिस्ती कुटुंबात झाला. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला म्हणून मुंबईस आले आणि त्यांच्याबरोबर आलेला उपासनेचा नेम आमच्या घरात तीन पिढ्या टिकून आहे. शब्बाथशाळेत मी वचने पाठ केली, माझे दृढीकरण झाले, आणि दर रविवारी भक्तीच्या वेळी मंडळीबरोबर उभा राहून प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतो तेव्हा त्यातल्या एकाही वाक्याविषयी माझ्या मनात शंका नसते. देवाने जग निर्माण केले, प्रभू येशू माझ्यासाठी मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे मी खरे मानतो, आणि कोणी विचारले तर तसे सांगायला मला संकोच वाटत नाही.

गेले बारा दिवस माझे वडील शहरातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया ठीक झाली, पण नंतर फुप्फुसांत संसर्ग झाला आणि त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. रात्री मी बाहेरच्या बाकावर बसून राहतो. माझा चुलतभाऊ रोज म्हणतो की तू घरी जाऊन झोप, मी थांबतो, पण मी जात नाही. माझ्या जागे राहण्याने वडिलांना काही उपयोग होत नाही हे मला कळते, कारण रात्री आत कोणाला सोडतही नाहीत. तरीही माझा डोळा लागला तर काहीतरी हातातून निसटेल, अशी भीती मला धरून ठेवते. त्या बाकावर बसून मी स्वतःला विचारले, की रविवारी जे म्हणतोस ते तुला इथेही खरे वाटते का. उत्तर आले की वाटते. मग वडिलांना देवावर सोपवून तासभर झोपता येईल का? त्याचे उत्तर मात्र नाही असे आले, आणि त्या नाहीने मी फार अस्वस्थ झालो आहे.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. आमच्या घरी प्रार्थनेसाठी आलेल्या एका पाहुण्या प्रवचनकाराने आईला सांगितले की घरातल्या कोणाच्या तरी अविश्वासामुळे आरोग्य अडून राहिले आहे. आई त्या वेळी माझ्याकडे पाहू शकली नाही, आणि तेव्हापासून आम्ही दोघे त्या विषयावर बोललेलो नाही.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की देव एक आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. माझा विश्वास त्याच जातीचा आहे काय? विश्वास आणि भरवसा हे एकाच गोष्टीचे दोन शब्द आहेत, की त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत? वेगळ्या असतील तर पहिली असून दुसरी नसणाऱ्या माणसाने काय करावे? कृपया धीर देण्यासाठी म्हणून गोड उत्तर देऊ नका. जे खरे असेल तेच सांगा.

निवृत्त पाळक, दादर

प्रिय बंधू, तुमच्या वडिलांसाठी आज पहाटे प्रार्थना केली आणि मगच लिहायला बसलो. तुम्ही खरे उत्तर मागितले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम शब्दांविषयी. नव्या करारात ज्या ग्रीक नामाचे भाषांतर आपण ‘विश्वास’ असे करतो ते ‘पिस्तिस’, आणि त्याच मुळापासून झालेले क्रियापद म्हणजे ‘पिस्तेउओ’. एखादी गोष्ट खरी मानणे, एखाद्या व्यक्तीवर विसंबणे आणि एखादी वस्तू कोणाच्या तरी हवाली करणे, हे तिन्ही अर्थ त्या एका क्रियापदात आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात हे क्रियापद ९८ वेळा येते, पण नाम एकदाही येत नाही; जणू योहानाला विश्वास ही माणसाजवळ साठवून ठेवायची वस्तू म्हणून दाखवायचीच नव्हती, तर सतत चाललेली क्रिया म्हणून दाखवायची होती. त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी एक विलक्षण जागा आहे. येशूने केलेली चिन्हे पाहून पुष्कळांनी त्याच्या नावावर विश्वास ठेवला, असे तेथे म्हटले आहे, आणि लगेच पुढे तेच क्रियापद वापरून म्हटले आहे की येशूने मात्र स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही. म्हणजे खरे मानणे आणि हवाली करणे यांत अंतर पडू शकते, ही गोष्ट शास्त्राला ठाऊक आहे. ते अंतर तुमच्यापासून सुरू झालेले नाही.

जुन्या करारात मात्र दोन वेगळी मुळे आहेत. एक ‘बाताख’, ज्याचा अर्थ निर्धास्तपणे विसंबणे. स्तोत्रांत आणि नीतिसूत्रांत हे मूळ वारंवार येते, आणि आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी ‘भाव ठेवणे’ हा फार सुंदर प्रयोग केलेला आहे: ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस.’ देव भावाचा भुकेला असे ज्या भाषेत लोक सहज म्हणतात, त्या भाषेतल्या भाषांतरकारांना हा शब्द सुचला, याचे मला नेहमी समाधान वाटते. इब्री शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकर्त्यांनी ‘बाताख’साठी बहुधा ‘पिस्तेउओ’ वापरले नाही. त्यांनी ‘आशा धरणे’ आणि ‘खातरी बाळगणे’ या अर्थाची क्रियापदे निवडली.

दुसरे मूळ ‘आमान’. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो ‘आमेन’ याच मुळाचा. पक्के असणे, आधार देऊन धरणे, असा त्याचा अर्थ आहे. रूथच्या पुस्तकाच्या शेवटी नामी नातवाला उराशी धरते आणि त्याची दाई होते, तेथे दाईसाठी असलेला शब्द याच मुळापासून आला आहे. विश्वासाचे जे मूळ आहे तेच मूल कडेवर घेणाऱ्या बाईच्या कामाचे मूळ आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न वेगळ्या रीतीने दिसू लागतो. कडेवरचे मूल कितीही घट्ट किंवा सैल धरो, ते पडत नाही याचे कारण धरणारी बाई असते.

याच मुळाचे ‘एमूना’ हे नाम निर्गमाच्या १७व्या अध्यायात येते. अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असले तर इस्राएलाची सरशी होई आणि ते खाली आले तर अमालेकाची. मोशेचे हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवले आणि एकाने एका बाजूने, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात धरून ठेवले, म्हणून सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहिले. ‘स्थिर’ या अर्थाने तेथे जो शब्द आला आहे तो ‘एमूना’, म्हणजे पुढे हबक्कूक संदेष्टा ज्याला नीतिमानाच्या जगण्याचे साधन म्हणतो तोच शब्द. ते हात मोशेचेच होते, पण त्यांचे स्थैर्य दुसऱ्या दोघांच्या खांद्यांतून आले होते.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर आपल्या प्रॉटेस्टंट परंपरेतल्या शिक्षकांनी विश्वासाचे तीन पदर मांडले: ज्ञान, संमती आणि भरवसा. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत २१व्या प्रश्नाच्या उत्तरात हेच आहे, की खरा विश्वास म्हणजे देवाने वचनात प्रकट केलेले सर्व सत्य आहे हे निश्चित ज्ञान, आणि शिवाय ख्रिस्तामुळे पापांची क्षमा मलाही मिळाली आहे असा अंतःकरणातला भरवसा. भुतांजवळ पहिले दोन पदर आहेत. तिसरा नाही, आणि तो त्यांना नकोही आहे. तुम्हाला तो हवा आहे आणि नाही म्हणून तुम्ही तळमळत आहात. मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप आपल्या मुलासाठी ओरडला, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच श्वासात दोन्ही बोलणाऱ्या त्या माणसाला प्रभूने परत पाठवले नाही. मुलासाठी बाप बोलला तसे तुम्ही बापासाठी बोलत आहात, एवढाच फरक.

त्या प्रवचनकाराविषयी मी स्वतंत्रपणे लिहीन. त्या बोलण्याने मला राग आला आहे, आणि रागात लिहू नये असा माझा नेम आहे.

वसईची लेक

नमस्कार. मी कॅथलिक आहे, माहेर वसईचे आणि गेली वीस वर्षे राहणे वांद्र्याला. पाळकसाहेबांचे लिहिणे मनापासून आवडले, आणि त्यातल्या एका गोष्टीला धरूनच पुढे सांगते. प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘भाव ठेवणे’ याला ‘आशा धरणे’ म्हटले गेले, ही गोष्ट आमच्या परंपरेला फार जवळची आहे. संत पौलाने श्रद्धा, आशा आणि प्रीती अशी तीन नावे घेतली, आणि आमचे शिक्षक पुष्कळदा भरवशाची जागा श्रद्धेइतकीच आशेच्या घरात दाखवतात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली, माणसाने स्वतःला वाटणाऱ्या खात्रीवरच विसंबून राहू नये, असा इशारा दिला, तो प्रॉटेस्टंट सुधारकांशी चाललेल्या त्या काळच्या वादात दिलेला होता. पण १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की श्रद्धा म्हणजे सर्वप्रथम माणसाचे स्वतःहून देवाला जोडले जाणे, आणि त्याच वेळी, त्यापासून न तोडता, देवाने प्रकट केलेल्या संपूर्ण सत्याला मोकळेपणाने दिलेली संमती. वाद पुष्कळ झाले, तरी आपण एकमेकांपासून वाटते तितके दूर नाही.

मात्र मला तुमच्याशी बोलायचे आहे ते माझ्या आईविषयी. माझा धाकटा भाऊ लहानपणी फार आजारी होता. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची, म्हणजे मरीयामातेची, जत्रा भरते, तेव्हा आई त्याला घेऊन वसईहून गाडीने वांद्र्याला यायची, टेकडी चढायची आणि मेणाचे लहान मूल विकत घेऊन माउलीपुढे ठेवायची. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाच्या, म्हणजे मरीयामातेच्या ठरलेल्या प्रार्थनांच्या, भक्तीलाही ती जमेल तशी जाई; ती प्रथा तेथे १९४८ पासून चालू आहे आणि तिला सर्व धर्मांचे लोक येतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा व्यवहार वाटेल, आणि काही माणसांच्या बाबतीत तो असेलही. माझा भाऊ सातव्या वर्षी गेला. पुढच्या सप्टेंबरात आईने पुन्हा मेणबत्ती घेतली आणि टेकडी चढली. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला तिचा संताप आला. मी विचारले की आता तू कशासाठी जातेस, आता मागायला काय उरले आहे. ती म्हणाली, “गेल्या वर्षापर्यंत मागायला जात होते. आता नुसती भेटायला जाते.”

दानिएलाच्या पुस्तकात तीन तरुण राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवले नाही तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. तो समर्थ आहे, हे म्हणायला श्रद्धा लागते. ‘सोडवले नाही तरीही’ हे म्हणायला जे लागते ते माझ्या आईने त्या टेकडीच्या पायऱ्यांवर मिळवले, आणि ते तिला आधी, म्हणजे भाऊ जिवंत असताना, जवळ नव्हते असे ती स्वतःच सांगे. त्या वर्षांत तीही रात्ररात्र जागत असे. म्हणून आज तुम्हाला ते मिळाले नाही यावरून तुमच्या श्रद्धेचा निकाल लावू नका, एवढीच विनंती.

रात्रपाळीची परिचारिका

मी अतिदक्षता विभागातच काम करते, म्हणून थोडक्यात लिहिते आणि शास्त्राचे विवेचन जाणत्यांवर सोपवते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णांना भूल देणारे डॉक्टर येऊन भेटतात, प्रश्न विचारतात, धोके समजावून सांगतात, आणि मग संमतिपत्रावर सही होते. काही रुग्ण फार शांत असतात. काहींचे हात सही करताना इतके कापतात की अक्षर वाचता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही स्ट्रेचरवर चढतात, दोघांनाही टेबलावर घेतले जाते, आणि मुखवटा नाकावर आला की दोघेही स्वतःला दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतात. ज्याचे हात कापत होते त्याचा भरवसा कमी होता, असे मी म्हणणार नाही. तो भीतीसकट टेबलावर चढला. मला तर वाटते की त्यालाच जास्त भरवसा लागला.

तुम्ही भीती वाटणे म्हणजे भरवसा नसणे असे धरून चालला आहात, असे मला तुमच्या लिहिण्यावरून वाटले. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता, हे शुभवर्तमानकारांनी झाकून ठेवलेले नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. बाकावर बारा रात्री काढलेला नातेवाईक तेराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेले नीट ऐकू शकत नाही, हे मी रोज पाहते. वडिलांची प्रकृती सुधारली तर घरी त्यांची शुश्रूषा तुम्हालाच करायची आहे. आपल्या भावाला थांबू द्या.

अंधेरीचा वाचक

सर्वांची उत्तरे वाचली. मला थोडे वेगळे म्हणायचे आहे, कारण या चर्चेत मतांगीकार म्हणण्याला कोरडी गोष्ट ठरवले जाईल की काय, अशी काळजी वाटू लागली.

भरवसा ही स्वतःहून चांगली गोष्ट नाही. भामट्यावर ठेवलेला भरवसाही भरवसाच असतो, आणि तो जितका दृढ तितका माणूस अधिक बुडतो. आपण या शहरात राहतो. बचतीच्या योजनांत आयुष्याची कमाई घालवून बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत, आणि त्यांचा भरवसा कमी होता असे कोणी म्हणू शकणार नाही. भरवसा कोणावर ठेवायचा हे विश्वासाचा आशय ठरवतो. जो देव आपला एकुलता एक पुत्र देतो तो दुष्ट असणार नाही, हे मला मतांगीकारातून कळते, माझ्या मनःस्थितीतून कळत नाही. म्हणून प्रश्नकर्त्यांनी ‘माझ्याजवळ फक्त विश्वास आहे’ असे म्हणून त्याला कमी लेखू नये. ज्या रात्री भावना साथ देत नाही त्या रात्री हातात उरते ते पाठ केलेले वचन, आणि ते पाठ असणे हीही कृपाच आहे.

तरी दुसरी बाजू मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून दिसते, आणि ती सांगितली पाहिजे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी याच मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली. त्या विदुषी होत्या, धर्ममतांचा अभ्यास त्यांनी कसून केला होता आणि बाप्तिस्मा पूर्ण विचारांती घेतला होता. तरीही पुढे १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त तोवर सापडला नव्हता. ती जाणीव त्यांना १८९१च्या सुमारास झाली. म्हणजे मध्ये सुमारे आठ वर्षे गेली. त्या आठ वर्षांना त्यांनी खोटे ठरवले नाही. त्या वर्षांत शिकलेले पुढच्या वाटेसाठी लागले, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आलेल्या शेकडो मुलींच्या रोजच्या अन्नासाठी त्या देवावर विसंबून राहिल्या, त्यामागे तो आधीचा अभ्यास आणि नंतरचा भरवसा दोन्ही होते. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. मधले महिने त्यांनी कसे काढले असतील, याचा मी बराच विचार केला आहे. संपूर्ण शास्त्र मूळ भाषांतून मराठीत आणण्याचे काम त्यांनी तेव्हाही सोडले नव्हते. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले.

तेव्हा पाळकसाहेबांनी सांगितलेल्या तीन पदरांपैकी तिसरा पदर उशिरा आला तर पहिले दोन फुकट गेले असे होत नाही. मला एवढेच नोंदवायचे होते.

निवृत्त पाळक, दादर

अंधेरीच्या बंधूंनी योग्य जागी हात ठेवला आहे आणि त्यांची दुरुस्ती मला मान्य आहे. आता त्या प्रवचनकाराच्या बोलण्याविषयी लिहितो.

इब्री लोकांस पत्राच्या ११व्या अध्यायाची सुरुवात आपल्याला पाठ असते: ‘विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी आहे.’ येथे विश्वासाची ओळख करून देताना मराठी भाषांतरकारांना भरवसा हाच शब्द घ्यावा लागला, हे प्रश्नकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. पण या अध्यायाचा शेवट आपण क्वचितच वाचतो. ३४व्या वचनात काही जण विश्वासाने तरवारीच्या धारेपासून बचावले असे म्हटले आहे, आणि ३७व्या वचनात काही जण तरवारीने मारले गेले असे म्हटले आहे, आणि ३९वे वचन या सर्वांविषयी एकच साक्ष देते, की त्यांच्या विश्वासामुळे त्यांची वाखाणणी झाली. तरवार एकच, विश्वास एकच, आणि परिणाम दोन. ज्याने हे पान वाचले आहे त्याने रुग्णाच्या प्रकृतीवरून घरच्यांच्या विश्वासाचे मोजमाप करू नये.

याहून गंभीर गोष्ट मत्तयाच्या २७व्या अध्यायात आहे. वधस्तंभाखाली उभे राहिलेले मुख्य याजक आणि वडील प्रभूची थट्टा करताना म्हणतात की हा देवावर भरवसा ठेवतो, तर देवाने त्याला आता सोडवावे. भरवसा असेल तर सुटका झालीच पाहिजे, आणि सुटका झाली नाही तर भरवसा खोटा, हा त्यांचा हिशेब होता. तुमच्या घरी मांडला गेलेला हिशेब यापेक्षा वेगळा नाही, आणि म्हणूनच मला तो असह्य होतो. त्या दिवशी सुटका झाली नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असे प्रभू ओरडला, आणि ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’ असेही तोच म्हणाला. पहिले वाक्य स्तोत्र २२चे आणि दुसरे स्तोत्र ३१चे. मन रिकामे झाले असताना त्याने लहानपणापासून पाठ असलेली वचने उच्चारली, आणि सोपवून देणे त्या वचनांतूनच घडले.

तुम्ही लिहिले आहे की वडिलांना देवावर सोपवणे जमत नाही. सोपवणे म्हणजे काळजी संपणे, असे तुम्ही मानू नये. बहिणीने सांगितलेला तो सही करणारा थरथरता हात मला पुष्कळ दिवस आठवत राहील. सोपवणे ही करायची गोष्ट आहे. वाटणे मागून येईल, किंवा काही काळ येणारही नाही.

लालबागकर (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे उत्तर मी काल रात्री त्याच बाकावर बसून वाचले. वसईच्या ताईंनी आईचे जे बोलणे सांगितले ते वाचून मी काही वेळ फोन बाजूला ठेवला होता.

वडिलांच्या प्रकृतीत अजून फारसा फरक नाही. व्हेंटिलेटरचा आधार थोडा कमी करून पाहणार आहेत, असे डॉक्टरांनी आज सांगितले. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही, माझी भीती गेलेली नाही. पण भीती आहे म्हणून भरवसा नाही, हे गणित मी स्वतःच मांडले होते आणि कोणी ते शास्त्रातून दाखवून दिलेले नव्हते, एवढे मला आता दिसते.

एक शंका उरते. आई मनातून त्या प्रवचनकाराचे बोलणे खरे मानते, असे मला वाटते. ती फार शिकलेली नाही, आणि तिच्यापुढे इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय उघडून मी वाद घालू लागलो तर तो मी स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी घालतो आहे, असेच तिला वाटेल. तिच्याशी हे कसे बोलावे?

निवृत्त पाळक, दादर

वाद घालू नका. मार्काचा दुसरा अध्याय तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि काही समजावून सांगू नका. पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. आणि तेथे लिहिले आहे की येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. बाजेवर पडलेल्या माणसाच्या विश्वासाविषयी तेथे एक अक्षर नाही. त्या चौघांपैकी प्रत्येकाचा विश्वास किती होता, कोणाचा हात वाटेत थरथरला, हेही कोणी तपासलेले नाही. त्यांनी बाजेचा एकेक कोपरा धरला होता.

तुमच्या वडिलांच्या बाजेचा एक कोपरा तुमच्या आईच्या हातात आहे. हे तिला ठाऊक असेलच. पण दुसरा कोपरा तुमच्या हातात आहे हे तिला तुमच्या आवाजातून कळू द्या. मंडळीतल्या दोघांना मी आज फोन केला आहे. रात्री बसायला ते पाळीपाळीने येतील, फक्त कोणत्या दारातून प्रवेश मिळतो ते त्यांना कळवा.

लालबागकर (प्रश्नकर्ता)

काल संध्याकाळी आईला वाचून दाखवले. बाज खाली सोडल्याचे वचन आले तेव्हा तिने मला थांबवले आणि विचारले की छप्पर पुन्हा कोणी घातले असेल. मला उत्तर देता आले नाही. मग ती म्हणाली की तू बारा दिवस घरी जेवला नाहीस, आधी जेव.

मंडळीतले दोघे रात्री नऊ वाजता आले. चुलतभाऊही आहे. मागच्या दाराने, रक्तपेढीच्या शेजारून वर यायचे असते, ते मी त्यांना दाखवले आणि डॉक्टरांचा फोन आला तर उचलण्यासाठी माझा फोन भावाजवळ दिला. हे मी घरून, आईच्या फोनवरून लिहीत आहे. अकरा वाजले आहेत आणि मी आता झोपायला जातो.